नाच बसवायचा नव्हता: परळच्या एका कॉलेजातला फिटनेसचा तास

आमचं कॉलेज परळच्या जुन्या गिरणगावात आहे. मैदान नाही. आवार आहे, पण त्यात दुचाक्या उभ्या असतात आणि पावसाळ्याचे चार महिने तिथे पाय ठेवता येत नाही. त्यामुळे शारीरिक शिक्षणाचा तास तिसऱ्या मजल्यावरच्या हॉलमध्ये भरतो. खाली मोझॅकची लादी, एका टोकाला लहानसा रंगमंच, दुसऱ्या टोकाला परीक्षेची बाकं रचून ठेवलेली. इथे मी पुढे सांगते आहे ते प्रथम वर्ष कला शाखेच्या मुलींच्या एका तुकडीचं, जुलै ते डिसेंबर या काळातलं. पटावर ४६ मुली. आठवड्यातून दोनदा ५० मिनिटांचा तास, सकाळी सात दहाला. नव्या शैक्षणिक धोरणानंतर या तासाला २ श्रेयांक मिळतात, म्हणून हजेरी लागते. हजेरी लागली म्हणजे व्यायाम झाला असं मात्र नाही, आणि हे प्रकरण तिथूनच सुरू होतं.

जूनमध्ये मी मुलींना विचारलं होतं, काय करायला आवडेल? खो-खोला पाच-सहा हात वर आले, योगासनांना दहाएक, आणि नाच म्हटल्यावर जवळजवळ सगळे. मी स्वतः खो-खोची खेळाडू. नाच शिकवण्याचं माझं प्रशिक्षण नाही. म्हणून बाहेरून झुंबा शिकवणारी एक प्रशिक्षिका बोलावली. झुंबा कोलंबियातल्या बेतो पेरेझ यांनी १९९० च्या दशकात सुरू केलेला प्रकार. साल्सा, मेरेंगे अशा लॅटिन चालींवर सतत हलत राहायचं, आणि मोजून शिकवण्यापेक्षा बघून करायचं, ही त्याची पद्धत. विचार चांगला होता. प्रशिक्षिकाही मनापासून शिकवत होती.

तिसऱ्या आठवड्यापर्यंत हॉलचं चित्र ठरून गेलं. पहिल्या दोन रांगा जोरात, तिसरी अर्धवट, आणि मागच्या बाकांपाशी बारा-पंधरा जणी भिंतीला टेकून. पोटात दुखतंय, ड्रेस धुवायला टाकलाय, पाय मुरगळलाय. एकीच्या चिठ्ठीवर आईची सही होती आणि ती आईची नव्हती, हे मलाही कळलं होतं.

स्टॉपवॉच

एका तासाला मी शिकवलं नाही, कोपऱ्यात बसले. तिसऱ्या रांगेतली एक मुलगी निवडली, बदलापूरहून येणारी. तिचे पाय हलले की घड्याळ सुरू, थांबले की बंद. ५० मिनिटांत ती १४ मिनिटं हलली.

उरलेली ३६ मिनिटं कुठे गेली? आठ हजेरीत. चार-पाच ओढण्या बांधण्यात, बूट बदलण्यात. स्पीकर जोडायला तीन. आणि बाकीची सगळी ‘परत पहिल्यापासून’मध्ये. पुढच्या रांगेतल्या दोघींचा हात चुकला की गाणं थांबायचं, रांग सरळ व्हायची, आठ आकडे पुन्हा मोजले जायचे. तेवढा वेळ ४० मुली उभ्या. पुढच्या तासाला मी पहिल्या रांगेतली एक मुलगी आणि भिंतीपाशी उभी असलेली एक, अशा दोघींची वेळ धरली. पहिलीची २६ मिनिटं भरली, दुसरीची ४ सुद्धा नाहीत.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे प्रौढांनी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम श्रमाची किंवा ७५ ते १५० मिनिटं जोराच्या श्रमाची हालचाल करायला हवी. शिवाय आठवड्यातून दोन दिवस स्नायूंना ताकद देणारा व्यायाम. माझ्या दोन तासांतून बदलापूरच्या मुलीला २८ मिनिटं मिळत होती, आणि ज्यांना व्यायामाची सगळ्यात जास्त गरज त्यांना आठसुद्धा नाहीत.

मराठीत आपण म्हणतो, नाच बसवला. गॅदरिंगसाठी नाच बसवतात, तो बसेपर्यंत घासतात, आणि ज्यांना जमत नाही त्यांना मागे सरकवतात. रंगमंचासाठी ते बरोबरच आहे. फिटनेसच्या तासातही आम्ही तेच करत होतो, आणि त्यात प्रशिक्षिकेपेक्षा चूक माझी जास्त होती. कारण महिन्याअखेरीस ‘तीन गाणी तयार पाहिजेत’ असं तिला मीच सांगितलं होतं. तीन गाणी तयार झाली असती. ४६ मुलींचं हृदय आणि फुप्फुसं त्या सांगण्यात कुठेच नव्हती.

भिंतीपाशी काय होतं

भिंतीला टेकणाऱ्या मुलींशी मी वर्गासमोर बोलले नाही. गर्ल्स कॉमन रूममध्ये एकेकीला भेटले, चहा घेत. बोलायला वेळ लागला.

पहिली गोष्ट मोबाइलची निघाली. पुढच्या रांगेतल्या काही जणी तासात रील काढत होत्या. कॅमेरा त्यांच्यावरच असायचा, पण मागे बाकीच्या दिसायच्या. ‘मॅडम, माझ्या भावाच्या मित्राने तो व्हिडिओ बघितला,’ एक म्हणाली, आणि तिने पुढे काही सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. दुसरी गोष्ट कपड्यांची. उड्या मारताना अंग हलतं, लाज वाटते, नीट बसणारे आतले कपडे सगळ्यांकडे नसतात. हे आपण शिक्षक लोक कधी तोंडावर आणत नाही, आणि मुली ‘पोटात दुखतंय’ म्हणतात. तिसरी गोष्ट मला सगळ्यात जास्त लागली. ‘मी पुढचीचं बघून करते. मला कळेपर्यंत पुढची स्टेप सुरू होते. मग सगळ्या जणी एकीकडे आणि मी एकटी दुसरीकडे.’ ही मुलगी आळशी नव्हती. ती रोज वसईहून उभ्याने येत होती.

याच सुमारास एकीला तासातच चक्कर आली. पहाटेची गाडी पकडायची म्हणून रात्रीच्या जेवणानंतर तिच्या पोटात चहाशिवाय काही नव्हतं. पालिकेच्या दवाखान्यात हिमोग्लोबिन तपासलं, तर बरंच कमी निघालं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९ ते २०२१ मध्ये, १५ ते ४९ वयाच्या भारतीय स्त्रियांपैकी ५७ टक्के स्त्रियांत रक्तक्षय आढळला होता. गरोदर नसलेल्या स्त्रीचं हिमोग्लोबिन दर डेसिलिटर रक्तात १२ ग्रॅमच्या खाली गेलं की रक्तक्षय धरतात. रक्तात प्राणवायू वाहून नेणारं द्रव्यच कमी असेल तर तेवढ्याच कामाला हृदयाला जास्त ठोके द्यावे लागतात. जिला आपण ‘स्टॅमिना नाही’ म्हणून मागे ठेवतो, ती कदाचित पुढच्या रांगेपेक्षा जास्त कष्ट करत असते.

आणि पुढची रांगही सुखात नव्हती. दोघींच्या नडग्या दुखायला लागल्या होत्या, आतल्या कडेने, बोट दाबलं की कळ. कारण पायाखाली होतं. लादीच्या खाली थेट काँक्रीट, त्याला लवचीकपणा शून्य. नाचाच्या चांगल्या हॉलमध्ये लाकडी तक्तपोशी थोडी दबते आणि उडीचा धक्का पिते. आमच्या लादीवर तो धक्का परत पायातच यायचा, आणि प्रशिक्षिकेच्या गाण्यांमध्ये जवळजवळ प्रत्येक ठोक्याला उडी होती.

गोल

प्रशिक्षिकेचा महिना संपला. पुढचा महिना मी स्वतः घ्यायचं ठरवलं. श्रावण सुरू होता. माझी आई मंगळागौरीच्या जागरणात रात्रभर खेळायची. तेव्हा ती चाळिशीच्या पुढे होती आणि व्यायाम हा शब्द तिच्या तोंडी कधी ऐकला नाही. ते खेळ मला अंगाने येत होते, आणि आठवत गेले तसं लक्षात आलं की माझ्या बहुतेक अडचणींची उत्तरं त्यांच्या रचनेतच आहेत.

गोलाला पुढची रांग नसते, मागची भिंतही नसते. शेजारणीचा हात धरला की स्टेप डोळ्यांआधी हातातून कळते. झिम्म्यात टाळी चुकली तरी पुढची टाळी येतेच, कोणी गाणं थांबवत नाही. आणि त्यात एक शहाणपण आहे, ते मला शरीरक्रियाशास्त्राची पुस्तकं वाचूनही पूर्वी दिसलं नव्हतं. या खेळांत एक गट खेळतो आणि भोवतीच्या जणी गातात. खेळणाऱ्या दमल्या की जागा बदलतात. म्हणजे जोराचं काम आणि त्यानंतर उसंत, ज्याला आज जिममध्ये इंटरव्हल म्हणतात, ते आधीच आखून ठेवलेलं. श्रमाची पातळी ओळखायची बोलण्याची कसोटीही त्यातच आहे. काम करताना बोलता येतं पण गाता येत नाही, तेव्हा श्रम मध्यम. दोन-चार शब्दांच्या पुढे बोलणंही तुटतं, तेव्हा जोराचे. मी सांगितलं, खेळणाऱ्यांनीही गाण्याचा प्रयत्न करायचा. ओळ जिथे तुटते तिथे तुमचं हृदय काय म्हणतंय ते ऐका.

नाडी मोजायला मात्र रीतसर शिकवलं. मनगटावर, अंगठ्याच्या बाजूला, दोन बोटांनी. आपल्या अंगठ्याने नाही, कारण त्यात स्वतःची नाडी लागते. थांबल्या थांबल्या लगेच, १० सेकंद मोजून सहाने गुणायचं. उशीर केला तर ठोके उतरतात आणि आकडा फसवतो. २२० मधून वय वजा केलं की हृदयाच्या कमाल ठोक्यांचा ढोबळ अंदाज येतो, १८ वर्षांच्या मुलीसाठी २०२. मध्यम श्रम म्हणजे त्याच्या ६४ ते ७६ टक्के. तेव्हा १० सेकंदांत २२ ते २५ ठोके आले तर ठीक. २५ च्या पुढे गेलीस तर जोराच्या कामात आहेस, ३१ च्या पुढे नको. हे दोन-तीन आकडे मुलींनी वहीच्या पुठ्ठ्यावर लिहून ठेवले. वसईच्या मुलीचे साध्या फेराला २७ यायचे आणि पहिल्या रांगेतल्या एका कथक शिकणाऱ्या मुलीचे १९. त्या दिवसापासून ‘चांगलं नाचते’ आणि ‘चांगला व्यायाम करते’ या दोन गोष्टी वेगळ्या आहेत हे मला समजावून सांगावं लागलं नाही. कथकवालीने स्वतःच गुडघे जास्त वाकवायला आणि हात वर घ्यायला सुरुवात केली.

फुगडी सरसकट दिली नाही. वजनाने साधारण सारख्या अशा जोड्या लावल्या, कारण दोघींचा तोल एकमेकींच्या वजनावर उभा असतो. पावलं जवळ, हातांची कैची, पाठ ताठ ठेवून मागे रेलायचं, नजर समोरचीच्या चेहऱ्यावर. प्रत्येक जोडीभोवती दोन हात मोकळी जागा. सोडायचं नाही, वेग उतरवत थांबायचं. कानाच्या आतल्या नलिकांमधला द्रव थांबल्यावरही क्षणभर फिरत राहतो म्हणून भोवळ येते, हे आधी सांगितलं की मुली घाबरत नाहीत. रिकाम्या पोटी फुगडी नाही. मोजे घालून तर कोणताच खेळ नाही, ते लादीवर घसरतात. बसफुगडी आणि कोंबडा उकिडवं बसून उड्या मारत करायचे. मांड्यांना त्यांच्याइतकं काम दुसरं क्वचित मिळतं, पण गुडघ्यांवर भारही तेवढाच. ते मी सहाव्या आठवड्यापर्यंत लांबवले आणि तोवर नुसतं अर्धं बसून चालणं घेतलं. उड्या जवळजवळ काढून टाकल्या. एक पाय कायम जमिनीवर, टाच टेकवायची. नडग्यांचं दुखणं महिन्याभरात थांबलं.

शेवटची पाच मिनिटं गोलातच हळू चालत. एकदम थांबलं की रक्त पायांत साठतं, मेंदूकडे कमी जातं आणि डोळ्यांपुढे अंधारी येते. चालताना पोटऱ्यांचे स्नायू ते वर ढकलत राहतात.

तासाचे नियम तीन झाले. मोबाइल दाराशी खोक्यात, माझाही. दार बंद. आणि केळं, चिक्की, पोळीचा रोल, काहीतरी खाल्ल्याशिवाय गोलात यायचं नाही. चिक्कीची एक बरणी मी टेबलावर ठेवली. हजेरी मुली गोलात फिरत असताना घ्यायला लागले.

‘आमच्यात हे नसतं’

दुसऱ्याच आठवड्यात एक मुलगी थांबून म्हणाली, ‘मॅडम, मंगळागौर आमच्यात नसते.’ ती रागावलेली नव्हती, पण तिचं म्हणणं खरं होतं. मंगळागौर ही नवविवाहितांची पूजा, श्रावणातल्या मंगळवारची, आणि ती सगळ्या घरांत होत नाही. माझ्या वर्गात बौद्ध मुली होत्या, मुस्लिम मुली होत्या, ख्रिस्ती होत्या. मी खेळ घेतले होते, पण ते माझ्या घरातून घेतले होते, आणि सगळ्यांना ते आपले वाटतील असं मी गृहीत धरलं होतं. पूजेचा उल्लेख मी काढला. त्याहून महत्त्वाचं म्हणजे विचारलं, तुमच्यात काय असतं?

इथून तास खऱ्या अर्थाने त्यांचा झाला. वरळी कोळीवाड्यातल्या मुलीने वल्हवायची चाल शिकवली. गुडघे सैल, वजन पुढच्या पायावरून मागच्यावर, हात आणि पाठ एका लयीत ओढायची. मी तिला फक्त एवढंच सांगितलं की प्रत्येक आवर्तनात दोन इंच आणखी खाली जा. त्या दोन इंचांनी सगळ्या वर्गाच्या मांड्या बोलायला लागल्या. लालबागच्या एका मुलीचे काका गणपतीत गावी जाऊन जाखडी नाचतात. मधे गाणारे-वाजवणारे बसलेले, भोवती पायात चाळ बांधून नाचणारे. पुरुषांचा नाच, पण तिने लहानपणापासून बघून उचललेला. घाटकोपरच्या मुलीने तीन टाळ्यांचा गरबा आणला. हिजाब घालणाऱ्या एका मुलीने दार बंद आहे ना, एवढं विचारलं आणि लग्नघरात मैत्रिणींबरोबर करतात त्या टाळ्या आणि गिरक्या दाखवल्या.

तालाचीही एक गोष्ट मी या वर्गात शिकले. एरोबिक्समध्ये आठ आकडे मोजतात. केरव्याच्या आठ मात्रांवर ते चपखल बसतात, म्हणून आपली बरीचशी गाणी चालून जातात. पण सहा मात्रांच्या दादऱ्यातलं गाणं लावलं की तीच आठ आकड्यांची स्टेप दुसऱ्या आवर्तनात सुटते, आणि मुलगी समजते आपल्यालाच जमत नाही. दादऱ्याला तीन-तीन पावलांची चाल द्यायची. कितीतरी मुलींना ‘तुला ताल नाही’ असं शाळेत सांगितलं गेलं असेल, आणि चूक गाणं निवडणाऱ्याची असेल.

पाऊस सरल्यावर दुचाक्या हलवून आवारात लेझीम घेतली. हॉलमध्ये ती शक्य नव्हती, खाली वाचनालय आहे. चार आवाज, एक जगह, आदिलगाव, पवित्रा, हे तिचे हात. शाळेत केलेल्यांना क्रम आठवत होता. लेझीम तालमीतला व्यायाम म्हणून वाढली. १९८२ च्या दिल्लीतल्या आशियाई स्पर्धांच्या उद्घाटनात ती सगळ्या देशाने पाहिली. तरी आज मुली तिच्याकडे मिरवणुकीची वस्तू म्हणूनच बघतात. खांदे, दंड, कंबर आणि मांड्या एकाच ठोक्यात कामाला लावणारं इतकं स्वस्त साधन दुसरं मला माहीत नाही. ऑक्टोबरचा उकाडा मात्र सकाळी आठलाच अंगावर यायचा, म्हणून दर दहा मिनिटांनी पाणी आणि सावली.

गॅदरिंग

नोव्हेंबरात प्राचार्य मॅडमनी बोलावलं. तासाबद्दल त्यांनी चांगलं ऐकलं होतं. ‘डिसेंबरच्या गॅदरिंगला तुमच्या मुलींचा एक नाच पाहिजे. बारा जणी निवडा.’

त्यांचं चुकत होतं असं मी म्हणणार नाही. कॉलेजला दाखवण्यासारखं काहीतरी लागतं, आणि मुलींपैकी काहींना रंगमंच हवाच होता. पण बारा निवडल्या की उरलेल्या ३४ जणींचं काय होतं, ते मी जुलैत पाहिलं होतं. मी स्टॉपवॉचची वही घेऊन गेले आणि ती पानं त्यांच्यापुढे ठेवली. मग मागणं मांडलं: ज्यांना नाच बसवायचा आहे त्यांनी तो दुपारी, सांस्कृतिक विभागाच्या बाईंकडे बसवावा. सकाळचा तास त्यासाठी वापरायचा नाही, आणि त्या नाचाचे गुण माझ्या विषयात धरायचे नाहीत. मॅडमनी थोडा वेळ घेऊन होकार दिला. चौदा मुलींनी कोळी नाच बसवला, छान झाला. त्यातल्या पाच जुलैत भिंतीपाशी होत्या. मी मागच्या खुर्चीवरून बघितला.

मोजणी आणि उरलेलं

गुण कसे द्यायचे हा प्रश्न शेवटी होताच. स्टेपला गुण नाहीत, हे ठरलं होतं. क्वीन्स कॉलेज स्टेप टेस्ट, म्हणजे बाकावर चढउतार करून हृदयाचा दम तपासायची चाचणी, घेतली, सुरुवातीला ऑगस्टमध्ये आणि परत डिसेंबरात. ४१.३ सेंटिमीटर उंचीचं बाक सुताराकडून करून घेतलं. मेट्रोनोम, म्हणजे ठरावीक वेगाने टिकटिकणारं यंत्र, मिनिटाला ८८ ठोक्यांवर, म्हणजे मिनिटाला २२ चढउतार, तीन मिनिटं. थांबल्यावर पाचव्या ते विसाव्या सेकंदापर्यंत नाडी मोजून चारने गुणायची. बहुतेक मुलींचे ठोके डिसेंबरात कमी आले. यातून मी फार मोठा दावा करणार नाही. दुसऱ्यांदा चाचणी देताना भीती कमी असते, आणि तुलनेला दुसरी तुकडी माझ्याकडे नव्हती. रक्तक्षयाच्या गोळ्या सुरू झालेल्या मुलींमध्ये सुधारणा नाचाची किती आणि गोळ्यांची किती, हेही वेगळं काढता येत नाही. स्टॉपवॉच मात्र स्पष्ट होतं. डिसेंबरात बदलापूरची मुलगी ५० मिनिटांपैकी ३४ मिनिटं हलत होती.

आठवड्याचे ६८. दीडशेला अजून ८२ कमी. ते तासाबाहेरच भरून निघणार. २०२० च्या सूचनांमध्ये सलग दहा मिनिटांची अट राहिलेली नाही, थोडीथोडी हालचालही धरली जाते. म्हणून आम्ही बसून हिशेब केला: कॉलेज ते परळ स्टेशन झपझप चालत किती, पुलाचे जिने किती, घराजवळच्या स्टेशनापासून शेअर रिक्षा सोडली तर किती. काही जणींचे दीडशे कागदावर पूर्ण झाले. बदलापूरच्या मुलीने रिक्षा सोडायला नकार दिला. संध्याकाळी तो रस्ता अंधारा असतो. तिचं बरोबर होतं. तो हिशेब तसाच अपुरा राहिला.

एक मुलगी शेवटपर्यंत गोलात आली नाही. कारण तिने सांगितलं नाही आणि मी दुसऱ्यांदा विचारलं नाही. सप्टेंबरपासून ती तासाच्या वेळात तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीत झपझप फेऱ्या मारायची, दर दहा मिनिटांनी दारात येऊन नाडीचा आकडा सांगायची आणि परत जायची. २३, २४, कधी २५. तिची वही वर्गात सगळ्यात नेटकी होती. मी तिला दोन्ही श्रेयांक दिले. जूनपासून नवी तुकडी येईल तेव्हा गॅलरीतली ती वाट पहिल्याच दिवशी सगळ्यांना दाखवून ठेवणार आहे.